काटकोनाचं चौथं भोक

ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचं चित्र सरळ केल्याशिवाय पाण्याचा घोट उतरत नाही, त्याला लोकांनी काटकोन म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? नाव शाळेतच पडलं. मास्तरांनी फळ्यावर काढलेला चौकोन डावीकडे कललाय, असं यानं भर वर्गात उभं राहून सांगितलं आणि गालावर सणसणीत बक्षीस घेतलं. पुढे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ती गोष्ट निघाली की गालाचं नाव काढायचा नाही. "चौकोन कललेलाच होता," एवढंच म्हणायचा.

अशा माणसांना वाटतं, सगळं जग वाकडं आहे आणि देवानं ओळंबा हातात देऊन एकट्या आपल्यालाच खाली पाठवलंय. लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलगी हुशार होती. तिनं चहा पुढे ठेवताना कपाचा कान भलतीकडे राहिला, आणि यानं सगळ्यांदेखत तो फिरवून नीट केला. मुलीकडून दुसऱ्याच दिवशी नकार आला. सुटली बिचारी.

धंदा मात्र त्याच्या स्वभावाला साजेसा होता. तो तळहाताएवढे कॉम्प्युटर बनवायचा. ना पडदा, ना डबा; नुसता एक हिरवा बोर्ड, त्यावर मुंग्यांएवढे भाग आणि चार कोपऱ्यांत स्क्रूसाठी चार भोकं. घेणाऱ्यानं तो हवा तिथे बसवायचा आणि हवं ते काम शिकवायचं: दिवा लाव, दार उघड, आत आलेली माणसं मोज. गाद्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत हा सगळा संसार होता. पुढच्या खोलीत एक जुनं यंत्र होतं, ते कोंबडीसारखं चोचीनं भाग टिपायचं आणि बोर्डावर नेऊन ठेवायचं. त्याच्या शेजारी जोडणीच्या टेबलावर तिघी बायका भिंगाखाली माना घालून बसायच्या. मागच्या खोलीत तपासणी, बांधणी आणि वहिनी.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. खरं तर हा उद्योग थोरल्याचाच. त्याला हातांना चाळा लागायचा. रेडिओ उघड, घड्याळ उघड, असं करता करता त्यानं मित्रांसाठी पहिला बोर्ड गंमत म्हणून केला. मित्रांनी आणखी मागितले. धंदा उभा राहतोय न राहतोय तोच थोरला आजारपणात गेला, आणि हौसेची गादी ओळंब्याकडे आली. वहिनींनी मागची खोली सोडली नाही. माल तपासायचा, बांधायचा, पाठवायचा आणि घेणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची, हे काम त्यांचं. गिऱ्हाइकं त्यांना वहिनीच म्हणायची, त्यांच्या दुप्पट वयाचीसुद्धा.

गिऱ्हाइकं दोन जातींची होती, आणि काटकोनाला दोन्हींचा तिटकारा होता.

पहिले हौशी. हौशी माणूस एक बोर्ड घेतो आणि चाळीस प्रश्न विचारतो. ही वायर कुठे लावू, तो दिवा का लागत नाही, लागला तर विझत का नाही. सूचना वाचायच्या नाहीत, उलट्या बाजूनं वीज द्यायची, बोर्ड जाळायचा आणि मग लिहायचं, 'आपोआप धूर आला'. पोरंबाळं मार्गी लागलेले, नोकरीतून मोकळे झालेले, घरात बायकोला नकोसे झालेले हे लोक कोपऱ्यातल्या टेबलावर बसून काय करायचे? कुणी कुंड्यांना पाणी घालायचं यंत्र करायचा, कुणी मांजर घरात कितीदा आलं ते मोजायचा. "रिकामटेकडे," काटकोन म्हणायचा. "काम ना धाम, उघड्या अंगाला घाम."

दुसरी कंपनी. तीही एकच. बँकांत आणि दवाखान्यांत रांगेचे आकडे दाखवणारे फलक बनवणारी. तिला हजारांनी बोर्ड लागायचे, आणि तिच्याच जीवावर यंत्राचे हप्ते, जागेचं भाडं आणि तिघींचे पगार निघायचे. कंपनी गेली तर गाद्यांच्या दुकानाला वरच्या दोन खोल्या गोदामाला मिळतील, हे काटकोनाला पक्कं ठाऊक होतं. दुकानदार जिन्यात भेटला की "कसं काय चाललंय?" असं आशेनंच विचारायचा. कंपनीच्या वतीनं यायचा तो खरेदीसाहेब. अंगाला अत्तर, हाताला मोठं घड्याळ, आणि बोर्डाची पुढची बाजू कुठली, मागची कुठली याचा पत्ता नाही. माल हातात घेऊन तो नेहमी एकच म्हणायचा, "जसंच्या तसं पाहिजे बरं का. काही बदलायचं नाही." करारातही तेच लिहिलं होतं. "या गाढवाला मी उद्या साबणाची वडी दिली तरी सही करून नेईल," असं काटकोन मागे म्हणायचा, आणि पुढे वाकून दार उघडायचा.

तेव्हा दोन्ही डगरींवर हात ठेवणं आलंच. काटकोनानं ते कसं जमवलं होतं, ते बघण्यासारखं होतं. इमारतीला दोन जिने होते. पुढचा फरशीचा, त्यावर पायपुसणं आणि कुंडी. मागचा लोखंडी, गंजलेला. कंपनीनं पुढून यायचं, हौशींनी मागून. वहिनींनी मागच्या खोलीच्या भिंतीवर हौशींनी पाठवलेले फोटो लावले होते: कुंड्या, मांजर, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. खरेदीसाहेब येणार असला की ते सगळे फोटो काढून खणात जायचे आणि भिंतीवर एक चकचकीत आलेख यायचा. हौशींची महिन्याची बैठक असली की आलेख खणात आणि फोटो भिंतीवर. फोटो परत लावताना काटकोन ओळंबा धरायचा. ज्यांची तोंडं बघवत नाहीत, त्यांचे फोटोसुद्धा सरळ रेषेत हवेत!

आता भोकाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

थोरला गेल्यावर काटकोनानं बोर्ड नव्यानं आखला. आखताना वायर खोचायच्या एका उंच खोबणीला जागा होईना, म्हणून चौथं भोक त्यानं तात्पुरतं दोन मिलिमीटर आत सरकवलं. खोबणी पुढे काढून टाकली. भोक परत जागेवर न्यायचं मात्र राहून गेलं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या कपांचे कान फिरवले, त्याच्या स्वतःच्या बोर्डाचा चौथा पाय वाकडा पडला, आणि छपाईवाल्याकडून बोर्ड छापून माल हातात येईस्तोवर त्याला दिसलंही नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं.

ते सगळ्यांत आधी दिसलं पोपटवाल्याला. हा एक निवृत्त टपाल कारकून, त्याच्याकडे एक म्हातारा पोपट होता, आणि पोपट ओरडला की दाणे देणारं यंत्र हा माणूस वर्षानुवर्षं सुधारत बसला होता. बोर्ड मिळाल्याच्या आठवड्यातच त्यानं वहिनींना लिहिलं: 'तुमची पोरगी जरा तिरळी आहे हो, पण गोड आहे. मी सांभाळून घेईन.' झालं! हौशी मंडळींनी ते नाव उचललं. तेव्हापासून बोर्डाचं नाव तिरळी. 'माझी तिरळी जळाली', 'दोन तिरळ्या पाठवा', 'तिरळीला डबा केला'. लोक आपापल्या घरच्या, प्लास्टिकच्या वस्तू छापणाऱ्या यंत्रांवर तिच्यासाठी डबे करायला लागले, आणि सगळ्यांनी डब्याचं चौथं भोक कौतुकानं वाकडं पाडलं.

काटकोनाचा नुसता जळफळाट व्हायचा. पण चूक कबूल करील तर तो काटकोन कसला? माहितीच्या छापील कागदावरच्या आकृतीत त्यानं चौथं भोक सरळच दाखवलं होतं, आणि तो कागद त्यानं बदलला नाही. बोर्ड वाकडा, कागद सरळ. कुणी विचारलं तर म्हणायचा, "छपाईवाल्याचा हलगर्जीपणा." छपाईवाल्यावर ढकलून पुन्हा त्याच्याकडेच छापून घ्यायचा.

एकदा खरेदीसाहेब अचानक आला. फोटो खणात जायला वेळ मिळाला, वहिनींच्या तोंडाला कुलूप घालायला मिळाला नाही. त्या मागच्या खोलीतून फोनवर मोठ्यानं म्हणाल्या, "हो हो, तिरळीच पाठवते तुम्हाला, काळजी करू नका."

"तिरळी?" खरेदीसाहेबानं भुवया वर केल्या.

"काही नाही," काटकोन म्हणाला. "ते आपलं एक घरगुती नाव."

"अहो, म्हणजे आम्ही काय तिरळा माल घेतोय की काय?" खरेदीसाहेब आपल्याच विनोदावर पोट धरून हसला, आणि जिना उतरतानाही हसत होता.

तो गेल्यावर काटकोन बराच वेळ पायपुसणं सरळ करत बसला. ज्या माणसाला पुढचं-मागचं कळत नाही, त्यानं आपल्याला हसावं! कानशिलं तापली होती. कंपनीचा मोठा माल त्याच महिन्यात छपाईला जायचा होता. त्यानं आखणी उघडली, आणि इतकी वर्षं उरावर बसलेलं चौथं भोक दोन मिलिमीटर बाहेर, जिथे ते असायला हवं होतं तिथे, नेऊन ठेवलं. त्या दिवशी तो शिट्टी वाजवत घरी गेला.

वहिनींना नव्या बोर्डांचा गठ्ठा आल्यावर कळलं. त्यांनी एक बोर्ड उचलला, जुन्यावर ठेवला, आणि उजेडाकडे धरला.

"भाऊजी, कंपनीला विचारलंत का?"

"कशाला विचारायचं? चूक सुधारायला परवानगी लागते?"

"त्यांचे पत्र्याचे डबे तयार आहेत. त्यांना भोकं पाडलेली आहेत."

"ती आपल्या कागदावरून पाडलेली आहेत," काटकोन म्हणाला. "कागदावर भोक सरळ आहे. उलट इतके दिवस त्यांनाच स्क्रू तिरका घालावा लागत असेल. आता नीट बसेल."

"त्यांनी एकदा तरी तक्रार केली का, स्क्रू तिरका जातो म्हणून?"

"वहिनी, त्या लोकांना तक्रार करण्याइतकी तरी अक्कल आहे का?"

"तुमचा कागद कुणी वाचत नाही, भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बोर्ड पत्र्यावर ठेवला असेल आणि पेन्सिलीनं भोकं गिरवली असतील. पोपटवाल्यांनी तसंच केलं. मीही तसंच केलं असतं."

काटकोनानं हात झटकला. आपला कागद कुणी वाचत नाही ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. स्वतःला शहाणा समजणाऱ्याचं हेच दुखणं: सगळ्यांना मूर्ख म्हणायचं आणि वर धरून चालायचं की हे मूर्ख आपण लिहिलेलं ओळ न् ओळ वाचतात.

नव्या बोर्डांतले थोडे नेहमीप्रमाणे हौशींना गेले. कंपनीचा माल खोक्यांत भरून पुढच्या जिन्याशी रचला होता, दुसऱ्या दिवशी गाडी यायची होती, तेव्हा पोपटवाल्याचा फोन आला. वहिनींनी फोन तसाच काटकोनाच्या हातात दिला.

"राव, ही आमची तिरळी नव्हे," पोपटवाला म्हणाला. "माझ्या डब्यात बसेना. तीन स्क्रू गेले, चौथा जाईना. जोर केला तर बोर्ड वाकतोय. म्हटलं कळवावं, तुमचा मोठा माल जायचा असेल."

"मग डबा बदला," काटकोन म्हणाला.

"माझा बदलीन हो. एका डब्याचं काय! पण दुसऱ्या कुणाचे हजार असतील तर?"

"पोपटाच्या डब्यावरून मी कंपनीचा माल थांबवू का?" काटकोन म्हणाला आणि फोन ठेवला. वर वहिनींना ऐकवलं, "उंटावरचे शहाणे! पोपटाला दाणे घालणारे मला धंदा शिकवणार."

दुसऱ्या दिवशी गाडी आली, खोकी गेली.

पुढे झालं ते वहिनी बोलल्या तसंच, नुसतं जास्त वाईट. कंपनीच्या डब्यांची भोकं जुन्या बोर्डावरूनच गिरवलेली होती. जोडणाऱ्या कामगारानं तीन स्क्रू घातले आणि चौथा हिसका देऊन बसवला. जगातला कुठलाही जोडणारा हेच करतो. त्याला दिवसाचा कोटा असतो आणि समोर भोक असतं. बोर्ड ताणले गेले. ताणलेले बोर्ड आठवडाभर चालले, मग गरम होऊन त्यांचे सांधे तडकायला लागले. एका दवाखान्यात रांगेचा आकडा सकाळपासून हललाच नाही, आणि खोकणाऱ्या माणसांनी खिडकीवरच्या बाईला घेरून तिचा जीव नकोसा केला.

खरेदीसाहेबाचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. "जसंच्या तसं म्हणजे काय, ते तुम्हाला लिहून दिलं होतं. निम्मा माल अजून खोक्यात आहे, त्याला हात लावू नका म्हणून सांगितलंय. मी सोमवारी येतो. त्याच्या आत आमच्या डब्यात बसेल असा मार्ग काढा, नाहीतर सगळं परत घ्या आणि आपला संबंध संपला."

नवे बोर्ड छापून यायला महिना लागला असता. काटकोनाचा चेहरा राखेसारखा झाला. तिघी बायका भिंगाखालून माना वर काढून त्याच्याकडे बघायला लागल्या. खालचा दुकानदार त्या दिवशी दोनदा जिना चढला, एकदा उगाचच. काटकोन मात्र काय करत होता? कंपनीला पत्र लिहीत होता की डबे मुळात कागदाप्रमाणे नव्हते. नाचता येईना, अंगण वाकडं!

वहिनींनी त्याला काही विचारलं नाही. त्यांनी हौशींच्या इंटरनेटवरच्या पानावर चार ओळी टाकल्या: आमच्याकडून चूक झाली आहे, सरळ भोकाचा बोर्ड वाकड्या भोकाच्या डब्यात बसवायचा आहे, बोर्डावर जोर न पडता. कुणाला काही सुचतंय का?

सुचलं पोपटवाल्यालाच. त्यानं आपल्या डब्यासाठी ते आधीच करून ठेवलं होतं: बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची वाकडी खुंटी. खालचा पाय डब्याच्या भोकात, वरचं टोक दोन मिलिमीटर बाजूला, बोर्डाच्या भोकात. दाबली की खट्‌कन बसायची, बोर्डावर ताण नाही. त्यानं आकृती सगळ्यांना दिली. मग त्या रिकामटेकड्यांनी आपापल्या घरची यंत्रं चालू केली. मांजर मोजणाऱ्यानं खुंट्या केल्या, कुंड्यावाल्या बाईंनी केल्या, आणि ज्याचा बोर्ड दोनदा 'आपोआप' जळाला होता त्यानंही केल्या. वहिनींच्या टेबलावर जुन्या डब्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून, एका लहान मुलाच्या बुटाच्या खोक्यातून खुंट्या येऊन पडायला लागल्या, लाल, पिवळ्या, निळ्या, ज्याच्याकडे जो रंग असेल त्या. काटकोनानं त्या पाहिल्या आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "सगळ्या एका रंगाच्या तरी करायच्या."

वहिनींनी खुंट्या मोजायला घेतल्या.

सोमवारी सकाळी खरेदीसाहेब यायच्या थोडं आधी पोपटवाला शेवटचं खोकं घेऊन आला. आणि पहिल्यांदाच पुढच्या जिन्यानं आला, कारण खोकं जड होतं आणि गुडघे दुखत होते. काटकोनानं त्याला दारात पाहिलं आणि तो धावत आडवा आला. खाली गाडीचं दार वाजलं होतं.

"अहो, तुम्ही मागून जा," काटकोन कुजबुजला. "मागून. प्लीज. साहेब येताहेत."

"खोकं ठेवतो आणि जातो," पोपटवाला म्हणाला.

"नको, ते घेऊनच मागे जा. वहिनी घेतील."

म्हाताऱ्यानं खोकं परत उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. मागचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीतलं बोलणं तिथे स्वच्छ ऐकू यायचं.

खरेदीसाहेबाबरोबर कंपनीची एक इंजिनिअर बाई होती. याच बाईनं पूर्वी घरच्या मासोळ्यांच्या टाकीसाठी तिरळी घेतली होती आणि मग ती कंपनीत नेऊन दाखवली होती. कंपनी मुळात आली ती अशी, एका हौशी बाईच्या हातून. काटकोनाला ते कधी आठवायचं नाही. तिनं पत्र्याच्या डब्यात खुंटी बसवली, बोर्ड दाबला, उलटसुलट करून हलवला, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "कुणी केलं हे?"

आता बघा. खोलीत जोडणीच्या तिघी होत्या, दाराशी वहिनी होत्या, भिंतीपलीकडे पोपटवाला होता. एक शब्द पुरला असता. काटकोनाला नाव घ्यायचंही नव्हतं, नुसतं 'आमच्या एका गिऱ्हाइकानं' म्हणायचं होतं. त्यानं खरेदीसाहेबाच्या घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरचा बोर्ड सरळ केला आणि म्हणाला, "आमच्या संशोधन विभागानं."

"विभाग आहे का तुमचा?" खरेदीसाहेबानं कौतुकानं विचारलं.

"छोटासा."

मागच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी, थांबत थांबत. मग वाजायची थांबली.

खरेदीसाहेब खूश होऊन गेला. माल राहिला, करार राहिला, खालच्या दुकानदारानं जिना चढणं सोडलं. काटकोनानं खुर्चीत बसून सुस्कारा टाकला. "वाचलो," तो म्हणाला. "बघितलंत ना वहिनी, वेळेला कसं बोलावं लागतं ते?"

"बघितलं," वहिनी म्हणाल्या. "गरज सरो, वैद्य मरो. पोपटवाले जिन्यावर बसले होते, भाऊजी. उतरवत नव्हतं म्हणून बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी."

"मग काय झालं? त्याला काय विभागाचा साहेब करू? पोपटाचा विभाग?"

वहिनींनी आवाज चढवला नाही. "तुमच्या भावाला तुम्ही हेच म्हणायचात," त्या म्हणाल्या. "रिकामटेकडा. त्यांच्या चाळ्यावर तुमचं पोट भरतंय, त्यांच्या मित्रांच्या चाळ्यावर आज तुमची अब्रू राहिली. तुम्हाला बोर्डाची लाज वाटते असं मला वाटायचं. तुम्हाला माणसांचीच लाज वाटते." मग त्यांनी भिंतीवरचा आलेख काढला, खणातले फोटो बाहेर काढले, आणि भिंतीवर न लावता एकेक करून पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, आणि नंतरही नाहीत. पुढे कळलं की पोपटवाल्याच्या घरच्या मागच्या खोलीत त्यांनी खुंट्यांचं, डब्यांचं आणि शंकांच्या उत्तरांचं छोटंसं काम सुरू केलं आहे. हौशींचं पानही तिकडेच गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत; एवढी किंमतही त्यांनी काटकोनाला दिली नाही.

कंपनीनं मात्र त्याला चांगलंच धरलं. पुढच्या कराराला आकृती जोडलेली आली. इंजिनिअर बाईनं स्वतः मापून काढली होती: चौथं भोक दोन मिलिमीटर आत, पुढची कित्येक वर्षं, जसंच्या तसं. खाली काटकोनानं सही केली. आता तो दर महिन्याला आपल्याच सहीनं वाकडं भोक पाडून घेतो, आणि तपासणीला कुणी नाही म्हणून ते नीट वाकडं पडलंय की नाही हे स्वतःच भिंगाखाली मोजतो.

मागच्या खोलीतला फोन वाजत नाही. सुरुवातीला त्याला बरं वाटलं, कटकट गेली. मग फोन बिघडला असेल म्हणून त्यानं तपासून पाहिला. कुणी विचारत नाही की दिवा का लागत नाही. आकाशाकडे नाक करून चालणाऱ्याची हीच गत होते: जमिनीवरची माणसं बाजूला होतात, आणि त्याला वाटतं रस्ता आपल्यासाठी मोकळा केला.

मग एका दुपारी त्यानं आखणी उघडली आणि हौशींसाठी म्हणून एक नवा बोर्ड केला. वेगवान, स्वस्त, आणि चारही भोकं अशी काटकोनात की मास्तरांनी उठून सलाम करावा. विकायला ठेवला. आठवडे गेले. एकही विकला गेला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे एकही शंका आली नाही. शेवटी त्यानं खोट्या नावानं हौशींच्या पानावर लिहिलं: 'चारही भोकं सरळ असलेला एक नवा बोर्ड आला आहे. कुणी पाहिला का? कसा वाटला?'

उत्तर लगेच आलं. पोपटवाल्याचंच होतं, आणि कोण विचारतंय हे त्यानं ओळखलं होतं की नाही, हे काटकोनाला शेवटपर्यंत कळलं नाही.

'पाहिला,' त्यानं लिहिलं होतं. 'डोळे सरळ आहेत, पण बघत नाही कुणाकडे.'

काटकोनानं ते दोनदा वाचलं. मग टेबलावर माऊस किंचित तिरका पडला होता, तो त्यानं सरळ केला.